वर्गातली नदी

"आज आमच्या नदीवरचा पूल फाटला," खारू घास चावता चावता म्हणाली, आणि तिच्या बाबाला, इमारतींच्या तपासनीसाला, उगाचच पाणी प्यावंसं वाटलं. त्याने भांडं उचललं, ओठाला लावलं आणि न पिताच खाली ठेवलं. खारूचं बोलणं तो जेवताना नेहमी अर्ध्या कानाने ऐकत असे. तिच्या खिशांत खडूचे तुकडे, बिया, बटणं असं काय काय भरलेलं असायचं, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं होतं. आणि खिशांसारखंच तिचं डोकंही भरलेलं असायचं. ती तिसरीत होती. तिच्या वर्गाच्या बाईंची शिकवायची तऱ्हाच वेगळी. पंधरवडाभर एकच गोष्ट धरायची आणि गणित, भाषा, परिसर, चित्र, हस्तकला, गाणं, सगळं तिच्याभोवती फिरवायचं. मागे एकदा चाक होतं, तेव्हा खारूने घरातल्या यच्चयावत गोल वस्तूंभोवती दोरा गुंडाळून ठेवला होता. सध्या नदी चालू होती. नदी लांबीने किती, उगम कुठे, काठावर कोण राहतं, हे सगळं गेले कित्येक दिवस जेवणाबरोबर त्याच्या कानांवर पडत होतं आणि तो "हं" म्हणत होता. नदी म्हणजे तक्त्यावरची, निळ्या खडूची, असंच तो धरून चालला होता.

"फाटला म्हणजे?"

"कागदाचाच होता ना पूल. पतंगी कागदाचा. या काठापासून त्या काठापर्यंत डिंकाने चिकटवला होता. दुपारी बघतो तर मधोमध फाटलेला. बाई म्हणाल्या कोणी हात लावला, तर कोणीच बोलेना. मग भिंगरीला उभं केलं."

"भिंगरीला का?" बायकोने विचारलं.

"ती सारखी फिरत असते म्हणून. पण तिने नाही लावला हात. मी बघत होते ना. मी नदीच्या बाजूलाच बसते."

"नदी कुठे आहे तुमची?" तपासनीसाने विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

"भिंतीवर."

"काढलेली?"

"काढलेली नाही रे बाबा, खरी. सुट्टी संपल्यावर बाईंनी जुनी चित्रं उतरवली ना, तर मागे नदी होती. आम्हीच म्हणालो, बाई, नदी घ्या, नदी घ्या."

बायको हसली. पोरांना काय सुचेल त्याचा नेम नाही, असं काहीतरी म्हणत तिने त्याला वाढलं. तो ताटाकडे पाहत राहिला. त्याच्या ऑफिसातले लोकही अशी पट्टी लावत. कागदाची नव्हे, काचेची. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवायची आणि काही दिवसांनी जाऊन बघायचं. काच शाबूत असली तर भेग जुनी, निजलेली, तिच्यात सिमेंट भरा आणि विसरून जा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. त्या भेगेला ते चालती भेग म्हणत. नवीन लागला तेव्हा त्याला हा शब्द गमतीचा वाटला होता. भिंत जागच्या जागी आणि भेग तेवढी चालते आहे. पतंगी कागद काचेपेक्षा किती तरी पातळ. पण डिंक वाळताना कागद आकसतो, ओढला जातो, आपसूक फाटू शकतो. त्याचं मन एवढ्यात या सबबीपर्यंत पोचलं होतं, आणि इतक्या लवकर पोचलं याचीच त्याला भीती वाटली.

जेवण झाल्यावर त्याने खारूला जवळ बसवलं आणि नदीबद्दल विचारलं. बाबाला एकदम इतकी गोडी कशी लागली, असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलं. मग ती खुलली. तिने खिशातून दोरा काढला. हा नदीचा दोरा, गणितात मोजलेला. त्याचं एक टोक तिने जेवणाच्या टेबलाच्या पायाशी ठेवलं आणि ती उकिडवी सरकत सरकत दाराजवळच्या चपलांपर्यंत गेली. दोऱ्याला टोकाकडे एक गाठ होती आणि गाठीच्या पुढेही वीतभर दोरा होता.

"ही गाठ कसली?"

"पहिल्यांदा मोजली तेव्हा नदी इथे संपत होती. मग वाढली. बाई म्हणाल्या, आधी मोजताना तुमचं चुकलं असेल. पण आमचं नव्हतं चुकलं."

"उगम कुठे आहे?"

"खिडकीच्या कोपऱ्यात, वर. तिथून अशी तिरकी तिरकी येते." तिने हवेत हात तिरका ओढला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग. नुसत्या गिलाव्याची भेग जाळीसारखी असते, केसासारखी, कुठूनही कुठेही जाणारी. कोपरा धरून तिरकी निघणारी भेग सहसा इमारतीचा पाया खचल्याने येते.

"रुंद कुठे आहे? वर की खाली?"

"वर. बाई म्हणाल्या, आपली नदी उलटी आहे, खऱ्या नद्या समुद्राजवळ रुंद होतात. आम्ही भाषेच्या तासाला त्याचीच गोष्ट लिहिली. समुद्रावर रुसून परत निघालेली नदी."

वर रुंद, म्हणजे भिंतीचं एक टोक खाली बसत होतं. पुढे ती सांगत गेली आणि तो ऐकत गेला. परिसराच्या तासाला बाई त्यांना शाळेमागच्या कुंपणापाशी घेऊन गेल्या होत्या. पलीकडे मोठी इमारत होणार आहे, तिचा खड्डा खणलाय. त्यात मातीचे थर दिसतात, वर काळी, मग तांबूस, मग मुरूम. खड्ड्यात पाणी येतं, ते पंप लावून दिवसभर बाहेर काढतात. बाईंनी विचारलं होतं, हे पाणी कुठून येत असेल, आणि भिंगरी म्हणाली होती, शाळेखालून. सगळे हसले होते. गाण्याच्या तासाला पंपाच्या ठेक्यावर नदीचं गाणं म्हटलं होतं. खारूने ते म्हणूनही दाखवलं. धक् धक् धक्, पाय आपटत. तपासनीसाने तिला थांब म्हटलं नाही. त्याच्या मनात येत होतं, की भेगेची लांबी, दिशा, रुंदी, वाढ, शेजारचं खोदकाम, जमिनीतलं पाणी, सगळं या पोरांनी गोळा केलंय. फक्त ते कशाबद्दल आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या लहानपणी शाळेत प्रत्येक विषयाला वेगळी घंटा होती, आणि घंटा झाली की आधीचा विषय दप्तरात जायचा. भिंतीचं क्षेत्रफळ काढा, त्यातून दारं-खिडक्या वजा करा. ती गणितं तो भराभर सोडवायचा. ती भिंत कुठे उभी आहे, तिच्यामागे कोण बसलंय, हे गणितात कधी नसायचं. गणिताच्या तासाला तसं काही विचारलं तर मास्तर म्हणायचे, आगाऊपणा नको, उत्तर काढ. तो उत्तर काढायचा. त्याचं उत्तर बरोबर यायचं.

आणि ही भिंत त्याने पाहिली होती. दिवाळीच्या सुट्टीत शाळांची तपासणी निघाली, तेव्हा खारूची शाळा त्याच्याच वाट्याला आली होती. ऑक्टोबरच्या उकाड्याचा दिवस होता. त्यानंतर आणखी दोन शाळा व्हायच्या होत्या. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे आणि तो मागे. बंद वर्गांत कोंडलेल्या खडूचा आणि जुन्या कागदांचा वास. तो प्रत्येक वर्गात जाई, छताकडे बघे, कोपरे बघे, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करी. खारूच्या वर्गात ती मागची भिंत खालपासून वरपर्यंत चित्रांनी झाकलेली होती. "ही उतरवायची का?" असं शिपायाने विचारलं होतं. त्याला ते स्पष्ट आठवत होतं. शिपायाने विचारलं होतं. आणि तो म्हणाला होता, "थांबा, आमच्या पोरीचं कुठलं ते बघू दे." मग तो चित्रं बघत हळूहळू भिंतीच्या कडेने गेला होता. खिडकीच्या खाली, थोडं उजवीकडे, त्याला ते सापडलं. एक घर, आणि घराहून उंच एक माणूस. माणसाच्या गळ्यात डॉक्टरांची नळी, आणि नळीचं टोक घराच्या भिंतीला लावलेलं. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं: माझा बाबा घरांना तपासतो. तो खूप वेळ तिथे उभा होता. हसला होता. शिपायालाही बोलावून दाखवलं होतं. अख्ख्या शाळेत सगळ्यांत जास्त वेळ त्याने ज्या भिंतीकडे पाहिलं, ती हीच. मग तो पुढच्या वर्गात गेला होता, आणि चित्रं उतरवायची राहिली होती.

त्याने चित्राचा फोटोही काढला होता. आता बाहेर गॅलरीत जाऊन त्याने फोनमध्ये तो शोधला. बायकोला पाठवला होता, तिने त्याखाली हसरे चेहरे टाकले होते. त्याने बोटांनी फोटो मोठा केला. घर, माणूस, नळी. मग कागदाची कड. शेजारच्या चित्राच्या आणि या चित्राच्या मध्ये दोन बोटं भिंत उघडी होती, आणि त्या फटीतून एक बारीक काळी रेघ तिरकी येऊन खारूच्या कागदाखाली शिरत होती. त्याने फोटो आणखी मोठा केला, तशी ती रेघ विस्कटून नुसते ठिपके झाले. लहान केला, पुन्हा रेघ.

त्याने मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब कुठेतरी पाहुण्यांत होते, मागे हसण्याचे आवाज येत होते. त्याने सांगितलं. घाईघाईने नाही, नीट सांगितलं, तरी त्याचं त्यालाच ते पोरकट वाटलं. पतंगी कागद. दोऱ्याची गाठ. पोरीने सांगितलं.

"अरे, तिसरीतल्या पोरांचा कागद फाटला म्हणून शाळा बंद करू मी?" साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट लाड होता. "ती शाळा सुट्टीत कोणी पाहिलीय?"

"मी."

"तूच ना? मग झालं तर. तू पाहिलीस म्हणजे काळजी नको. आपल्या खात्यात तुझ्याइतकं बारकाईने कोण बघतं? पुढच्या आठवड्यात चक्कर मार हवं तर. आणि जेवलास का?"

जेवलो, असं तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, कोणीतरी आपल्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. झोप लागली ती तुटक लागली. बाजूच्या खोलीत खारू कूस बदलायची, तेवढ्या आवाजानेही तो दचकायचा.

सकाळी तो खारूच्या आधी उठला आणि तिच्या उशाशी जाऊन बसला. ती डोळे चोळत उठली तेव्हा तो म्हणाला, "आज शाळेत नको जाऊस. तुला बरं नाहीये."

"मला काय होतंय?" खारूने मोठ्या उत्सुकतेने विचारलं.

"अंग गरम लागतंय."

खारूने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग त्याच्या. "तुझंच गरम आहे," ती म्हणाली. "आणि आज मला जायचंच आहे. काल आम्ही नवा पूल लावलाय. बाईंनी भिंतीजवळ फरशीवर खडूची जाड रेघ मारलीय, ती कोणी ओलांडायची नाही. आज बघायचंय, फाटतो का."

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. ताप तिला नुसत्या हाताने कळायचा. तिने आत येऊन खारूच्या मानेला हात लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्याहून गार आहे ही. तू जरा स्वयंपाकघरात ये बघू."

त्याने तिला सगळं सांगितलं. भेग, खड्डा, उतरवायची राहिलेली चित्रं. साहेबांचं बोलणंही सांगितलं. ती ऐकत होती. दूध वर येत होतं, तिने न बघता गॅस बंद केला.

"म्हणजे आपली घरी ठेवायची," ती म्हणाली. "आणि बाकीची?"

"नुसता गिलावा असेल कदाचित. मी अजून पाहिलेलं कुठे आहे? उगाच सगळी शाळा हलवायची, आणि मग निघालं काहीच नाही तर…"

"नुसता गिलावाच असेल तर पाठव की हिला."

तिने आवाज चढवला नव्हता. दूध भांड्यात ओतताना तिचा हातही हलला नव्हता. "मी तिला पायमोजे घालते," ती म्हणाली, "तू ठरव. तिच्याबरोबर जायचंय, की ती इथे आणि तू ऑफिसात. पण ती इथे राहिली, तर त्या भिंगरीच्या आईला काय सांगायचं, तेही तूच ठरव. रोज दुकानावरून जाते ती. मला हात करते."

शाळेच्या रस्त्यावर खारू त्याचा हात धरून चालली होती, म्हणजे एक पाय फुटपाथच्या काठावर आणि एक खाली अशी लंगडत. दुकानं उघडत होती, कोणी पायरीवर पाणी मारत होतं. सगळ्या इमारती आपापल्या जागी उभ्या होत्या आणि त्याला प्रत्येकीच्या खिडक्यांचे कोपरे दिसत होते. लांबूनच पंप ऐकू आला. धक् धक् धक्. खारूचा पाय त्याच्यावर पडू लागला. तिला ते कळतही नव्हतं.

वर्गाचं दार बाईंनी नुकतंच उघडलं होतं. बाई मध्यम वयाच्या होत्या, आवाज बसलेला, बोटांवर खडू. त्याला पाहून त्या म्हणाल्या, "अरे वा, नदी बघायला आलात? या. पालक आले की मुलांना चेव येतो." आणि खरंच, तो भिंतीसमोर उभा राहिला न राहिला तोच पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. हा उगम. ही उपनदी, ही परवा आली. हे मासे गेल्या शुक्रवारी काढले. हे कोळ्याचं घर, म्हणजे माणूस नाही, खरा कोळी, जाळ्यातला. भेगेच्या दोन्ही काठांवर त्यांनी रंगीत खडूंनी झाडं, घाट, होड्या काढल्या होत्या, आणि भेग त्या सगळ्यामधून खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीच्या दिशेने तिरकी उतरली होती. वर जिथे ती रुंद होती तिथे काळोख दिसत होता. भेगेपासून हातभर अंतरावर खारूचं जुनं चित्र परत लावलेलं होतं. बाईंनी तेवढं एक ठेवलं होतं. माणूस अजून घराला नळी लावून ऐकत होता. खाली फरशीवर खडूची जाड रेघ होती, अखंड, कुठेही पुसलेली नाही. आणि रेघेच्या पलीकडे, भेगेवर, निळ्या पतंगी कागदाचा नवा पूल होता. मधोमध फाटलेला. दोन्ही तुकडे आपापल्या काठाला घट्ट चिकटून होते.

"बाई," कोणीतरी किंचाळलं, "पूल परत!"

सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या बाकावर हाताची घडी घालून एकटी बसलेली मुलगी, भिंगरी, आपसूक उभी राहिली. आपल्याला उभं करणार हे तिला आधीच कळलं होतं.

तपासनीस बाहेर पडला. इमारतीला वळसा घालून मागे गेला. कुंपण आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती, तिथे पंपाचा आवाज पायांतून वर येत होता. पावसाच्या पाण्याच्या नळामागे त्याला ती दिसली. तीच रेघ, उलट्या बाजूने, तशीच तिरकी. त्याने घराची किल्ली काढून तिचं टोक भेगेत घातलं. ते अडेल असं त्याला वाटलं होतं. किल्ली आत गेली, पार डोक्यापर्यंत. ती तशीच सोडून त्याने हात मागे घेतला, आणि किल्ली भिंतीत अडकून राहिली. पलीकडून वर्गातली कुजबुज ऐकू येत होती. भिंतीतून. तो खारूचा आवाज शोधत होता, आणि ते लक्षात आल्यावर त्याने किल्ली ओढून काढली आणि परत वळला.

"बाई, मुलांना बाहेर काढा. दप्तरं राहू देत. सगळे वर्ग. मुख्याध्यापकांना मी सांगतो, तुम्ही घंटा द्यायला सांगा."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग हळूहळू उतरला, वरून खाली. "पण सुट्टीत तपासणी झाली ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिपाई म्हणाला, तुम्हीच आला होता."

"मीच आलो होतो."

"मग?"

"चित्राखाली पाहिलं नाही," तो म्हणाला. "पाहायला हवं होतं. ते मी लेखी देईन. आधी मुलं."

घंटा झाली. अवेळी झाली म्हणून सगळ्या शाळेत एकच गलका उठला. पोरं रांगेने निघाली. भिंगरी रांगेत नव्हती. बाकापाशी तशीच उभी होती, कारण तिला बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तो तिच्यापाशी थांबला.

"पूल तू नाही फाडलास," तो म्हणाला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मोठी माणसं असं म्हणून पुढे काय करतात हे तिला ठाऊक असावं. "मग कोणी?"

"भिंतीने."

भिंगरीने भिंतीकडे पाहिलं. "मग तिला सांगा ना नीट उभं राहायला," ती म्हणाली, आणि पळत जाऊन रांगेत घुसली.

मैदानावर सगळे वर्ग आपापल्या रांगांत बसले. मुख्याध्यापक वेळेवर आले नव्हते, नाहीतर आधी चौकशी आणि मग हालचाल झाली असती. त्याने मोठ्या साहेबांना निरोप टाकला होता: शाळा रिकामी केली आहे, माझ्या जबाबदारीवर, सुट्टीतली माझी तपासणी चुकीची होती, शेजारचं खोदकाम थांबवा. त्यानंतर फोन खिशात सारखा थरथरत होता. शाळा समोर उभी होती, उन्हात, नेहमीसारखी. त्या बाजूने भेग दिसतही नव्हती. कोणी त्या वेळी त्या इमारतीकडे पाहिलं असतं तर या माणसाला वेड लागलंय असंच म्हटलं असतं, आणि क्षणभर त्यालाही तसंच वाटलं, आणि ते खरं असतं तर किती बरं झालं असतं.

खारू रांगेतून उठून त्याच्याजवळ आली. "बाबा, माझं चित्र आत राहिलं."

"राहू दे."

"पटकन आणते."

"नाही," तो म्हणाला. इतक्या जोराने म्हणाला, की शेजारचा वर्ग वळून पाहू लागला. खारूचा हात खिशात गेला, दोरा बाहेर आला, बोटांभोवती गुंडाळला जाऊ लागला. ती शाळेकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी एकाला एक जोडलं जात होतं. दोरा, उगम, खड्डा, पंप. तो ते जोडलं जाताना पाहत होता आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं.

"भिंत पडली," तिने हळूच विचारलं, "तर कुठपर्यंत येईल?"

त्याला उत्तर येत होतं. "जेवढी उंच, तेवढी लांब," तो म्हणाला. "आणि थोडी जास्त."

खारूने नजरेने शाळेची उंची मोजली, मग ती मैदानावर आडवी करून पाहिली. मग तिने वळून पहिल्या रांगेतल्या भिंगरीकडे पाहिलं.

"बाई," तपासनीस म्हणाला, "मुलांना मागे घ्या."

पोरं हसत, ढकलत, बसल्या बसल्या मागे सरकली. त्यांना तो खेळ वाटला. त्याने अंतर पाहिलं. ते पुरेसं होतं. खिशात फोन पुन्हा थरथरला.

"अजून मागे," तो म्हणाला.